बाजारातील ताज्या भाज्यांतून रात्रीचे साधे जेवण : निवडीपासून ताटापर्यंत

रात्रीच्या साध्या जेवणाचा बेत घरी बसून पक्का करावा आणि मग त्याप्रमाणे भाज्या शोधत बाजारात फिरावे, या क्रमापेक्षा बाजारात जे सर्वांत चांगले आहे ते पाहून बेत ठरवणे कधीही श्रेयस्कर. घरातून निघताना मनात फक्त एक आराखडा असावा : पोट भरणारे काहीतरी एक धान्य, एक डाळ, एक भाजी रस्स्यात घालण्याजोगी, एक परतण्याजोगी आणि एक कच्ची खाण्याजोगी. या रिकाम्या जागा कोणत्या भाजीने भरायच्या हे त्या दिवशीच्या मालावर सोपवावे. भाजी ताजी असेल तर तिला मसाला कमी लागतो, वेळही कमी लागतो आणि स्वयंपाक करणाऱ्याचे मुख्य काम एवढेच उरते की प्रत्येक भाजीला तिच्या गरजेइतकीच आच आणि तिच्या गरजेइतकाच वेळ द्यायचा. या लेखातील सर्व सूचना शेवटी याच एका कामाभोवती फिरतात.

पुढील कृती दोन माणसांसाठी आहे. मसूर डाळ, बटाटा, टोमॅटो आणि पालक यांचा दाटसर रस्सा, परतलेला फ्लॉवर किंवा हिरव्या शेंगा, काकडीच्या कच्च्या फोडी आणि सोबत भात असे जेवण सवयीच्या हाताने पाऊण तासात होते. पहिल्यांदा करणाऱ्याने एक तास धरावा.

बाजारात भाजी कशी पाहावी

खरेदी सुरू करण्यापूर्वी हातात काहीही न घेता बाजारातून एक फेरी मारावी. पहिल्याच ठिकाणी दिसलेला पालक घेतल्यानंतर पुढे त्याहून कोवळा दिसला तर त्याचा उपयोग नसतो. शिवाय एका फेरीत त्या दिवशी कोणता माल भरपूर आला आहे हे कळते; जी भाजी बहुतेक विक्रेत्यांकडे एकाच वेळी ढिगाने दिसते, ती बहुधा हंगामातली असते. विक्रेत्याला ‘भाजी ताजी आहे का’ असे विचारण्यात अर्थ नाही, कारण त्याचे उत्तर ठरलेले असते. ‘आज सकाळी काय आले’ असा प्रश्न विचारला तर उपयोगी माहिती मिळण्याची शक्यता अधिक.

भाजी तोडल्यानंतरही जिवंत असते. तिचा श्वासोच्छ्वास चालू राहतो, तिच्यातील साखर खर्च होत राहते आणि पानांतून पाणी उडत राहते. म्हणून ताजेपणाची खूण पाहायची ती प्रथम तोडलेल्या जागी. पालेभाजीच्या जुडीत देठाचा कापलेला भाग ओलसर आणि फिकट असावा. तो काळपट, सुकलेला किंवा बुळबुळीत झाला असेल तर वरची पाने कितीही हिरवी दिसली तरी जुडी जुनी आहे. पानांवर शिंपडलेल्या पाण्याने फसू नये. पाणी पानाला टवटवी देते, पण पिवळेपणा लपवू शकत नाही. जुडी उलटी करून, जिथे ती बांधलेली असते त्या जागी बोट घालून पाहावे, कारण कूज तिथून, दाबाखाली कोंडलेल्या ओलाव्यातून सुरू होते.

हिरव्या शेंगा वाकवल्यावर कट् असा आवाज करून मोडल्या पाहिजेत. त्या लवचिकपणे दुमडत असतील किंवा आतील दाण्यांचे उंचवटे बाहेरून ठळक दिसत असतील, तर शेंग शिळी किंवा जून झाली आहे. फ्लॉवरचा गड्डा घट्ट आणि एकसंध असावा, परंतु माझ्या मते गड्ड्यापेक्षा त्याची पाने अधिक खरे बोलतात : पांढऱ्या भागावरचे काळे ठिपके खरवडून टाकता येतात, पानांचा तजेला मात्र कोणालाही परत आणता येत नाही. वांगे घ्यायचे झाल्यास त्याची साल चकचकीत असावी आणि अंगठ्याने हलके दाबल्यावर पडलेला खड्डा लगेच भरून यावा. काकडीची दोन्ही टोके दाबून पाहावीत, कारण ती टोकांकडून मऊ पडू लागते.

टोमॅटोची निवड त्याच्या कामावरून करावी. कच्चा खायचा असेल तर घट्ट, न डागाळलेला हवा. आजच रात्री रस्स्यात शिजवायचा असेल तर पूर्ण पिकलेला, हाताला जड लागणारा आणि देठापाशी वास येणारा टोमॅटो उत्तम. किंचित दबलेले टोमॅटो विक्रेते बाजूला काढून ठेवतात. साल फुटलेली नसेल आणि बुरशी नसेल तर आजच्या रस्स्यासाठी तेच अधिक चवदार ठरतात, आणि ते न घेता कडक, फिकट टोमॅटो निवडणे म्हणजे चव मागे ठेवून येणे होय.

बटाट्याच्या बाबतीत ताजेपणापेक्षा सुरक्षितता महत्त्वाची आहे. उजेडात राहिलेला बटाटा हिरवा पडतो. हा हिरवा रंग हरितद्रव्याचा असून तो स्वतः घातक नाही, पण त्याच उजेडामुळे सालीजवळ सोलानिनसारखी विषारी द्रव्येही वाढतात आणि ती शिजवून नष्ट होत नाहीत. त्यामुळे हिरवट किंवा बरेच कोंब आलेले बटाटे घेऊच नयेत. कांदा मानेपाशी कोरडा आणि घट्ट असावा.

मका किंवा ओला मटार दिसला आणि मोह झाला, तर तो त्याच रात्री शिजवण्याच्या तयारीनेच घ्यावा. या दोहोंतील साखर तोडल्या क्षणापासून पिष्टात बदलू लागते आणि उष्णतेत हा बदल वेगाने होतो. सकाळी गोड लागलेला दाणा दुसऱ्या दिवशी पिठूळ लागतो याचे कारण हेच.

पिशवीत जड वस्तू तळाशी आणि पाला सर्वांत वर ठेवावा. बाजारानंतर इतर कामे असतील तर ती आधी उरकून भाजी शेवटी घ्यावी, कारण बंद, तापलेल्या जागेत एखादा तास राहिलेली पालेभाजी अर्धी उमेद हरवते.

घरी आल्यावर

आज लागणाऱ्या भाज्या आणि उद्यासाठीच्या भाज्या लगेच वेगळ्या कराव्यात. उद्याच्या भाज्या धुऊ नयेत. पृष्ठभागावर राहिलेले पाणी बुरशीला आणि कुजण्याला निमंत्रण देते, म्हणून त्या कोरड्याच, पाला कोरड्या कापडात सैल गुंडाळून, फ्रिजमध्ये ठेवाव्यात. गाजर, मुळा किंवा बीट पाल्यासकट आणले असल्यास पाला कापून वेगळा ठेवावा. तो जोडलेला राहिला तर कंदातले पाणी ओढत राहतो आणि कंद नरम पडतो. पिकलेला टोमॅटो, सफरचंद आणि केळी इथिलीन नावाचा वायू सोडतात व त्याने शेजारचा पाला लवकर पिवळा होतो, त्यामुळे त्यांना वेगळी जागा द्यावी. टोमॅटो पूर्ण पिकेपर्यंत फ्रिजबाहेर ठेवावा, कारण थंडीत त्याचा सुगंध मंदावतो. बटाटे अंधाऱ्या, हवेशीर जागी आणि कांद्यांपासून दूर ठेवावेत. फ्रिजच्या थंडीत बटाट्यातील पिष्टाची साखर होते आणि तो परतताना लवकर करपतो.

आजचा पालक मात्र भरपूर पाण्यात बुडवून धुवावा. भांड्यात पाणी भरून जुडी सोडवून त्यात हलवावी, दोन मिनिटे स्थिर राहू द्यावी म्हणजे माती तळाशी बसते, आणि मग पाने वरच्यावर उचलून घ्यावीत. भांडे चाळणीत ओतले तर खाली बसलेली माती पुन्हा पानांवर पडते. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे दोन-तीन वेळा करावे. वाटेत पाने कोमेजली असतील तर त्यांना थंड पाण्यात पंधरा-वीस मिनिटे ठेवल्यास त्यांच्या पेशींत पाणी परत भरते आणि पाने उभी राहतात. फ्लॉवरचे तुरे मिठाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवले की आतील किडे बाहेर येतात.

एक नियम सर्व भाज्यांना लागू आहे : आधी धुवावे, मग चिरावे. चिरलेली भाजी पाण्यात ठेवली तर क जीवनसत्त्व आणि चव दोन्ही त्या पाण्यात उतरतात. अपवाद कापलेल्या बटाट्याचा. तो हवेत काळा पडतो म्हणून लगेच वापरायचा नसेल तर पाण्यात ठेवावा.

लागणारे साहित्य

रस्स्यासाठी १०० ग्रॅम सोललेली मसूर डाळ, अर्धा लिटर पाणी, १ मध्यम बटाटा, १ मध्यम कांदा, २ पिकलेले टोमॅटो, पालकाची सुमारे २०० ग्रॅमची जुडी, लसणाच्या ४ पाकळ्या, २ मोठे चमचे तेल आणि चवीपुरते मीठ. परतण्यासाठी २५० ग्रॅम फ्लॉवर किंवा २०० ग्रॅम शेंगा आणि आणखी एक मोठा चमचा तेल. याशिवाय एक काकडी, एक लिंबू, थोडी कोथिंबीर किंवा उपलब्ध असलेला दुसरा सुवासिक पाला, मिरी किंवा मिरची आवडीप्रमाणे, आणि १५० ग्रॅम तांदूळ.

कामांचा क्रम

साधे जेवण बिघडते ते बहुधा पाककृतीमुळे नव्हे, तर क्रम चुकल्यामुळे : डाळ अर्धी कच्ची असते तेव्हा भाजी गार होत असते. म्हणून ज्याला सर्वांत जास्त वेळ लागतो आणि ज्याच्याकडे सर्वांत कमी पाहावे लागते ते आधी चुलीवर चढवावे, आणि ज्याला क्षणभरही सोडता येत नाही ते शेवटी करावे.

सर्वांत आधी तांदूळ धुऊन भिजत घालावा. लगेच डाळ दोन-तीन पाण्यांनी धुऊन जाड बुडाच्या पातेल्यात अर्धा लिटर पाण्यासह मोठ्या आचेवर ठेवावी. उकळी येताना वर फेस जमतो. तो चमच्याने काढून टाकावा, नाहीतर तो झाकण उचलून बाहेर सांडतो. उकळी आली की आच मंद करावी, दीड सेंटिमीटर आकाराचे बटाट्याचे तुकडे त्यात घालावेत आणि झाकण तिरके ठेवून पंधरा ते वीस मिनिटे शिजू द्यावे. तुकडे एकसारखे असणे येथे महत्त्वाचे आहे. लहानमोठे तुकडे केले तर लहान विरघळतात तेव्हा मोठे आतून कडकच असतात. मीठ डाळ मऊ होत आल्यावर घातले तरी चालते आणि आधी घातले तरी डाळ शिजण्यात फारसा फरक पडत नाही.

टोमॅटो मात्र या टप्प्यावर डाळीत घालू नये, आणि हा मुद्दा थोडा विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. भाज्या आणि डाळी मऊ होतात त्या त्यांच्या पेशींना एकत्र धरून ठेवणारे पेक्टिन विरघळल्यामुळे. आंबट पाण्यात पेक्टिन विरघळण्यास विरोध करते. टोमॅटो, लिंबू किंवा दुसरा कोणताही आंबट पदार्थ सुरुवातीलाच पडला तर डाळ आणि बटाटा दुप्पट वेळ उकळूनही दातांखाली कचकच लागू शकतात. त्यामुळे आंबट पदार्थ बाकीचे सर्व मऊ झाल्यावरच घालावा. हा एक नियम लक्षात ठेवला तर इतर अनेक रस्सेही आपोआप सुधारतात.

डाळ शिजत असताना चिरण्याचे काम करावे. कांदा चिरताना डोळ्यांना झोंबणारा वायू पेशी फुटल्यामुळे तयार होतो. धारदार सुरी पेशी कमी चेंगरते, त्यामुळे बोथट सुरीपेक्षा डोळ्यांना त्रास कमी होतो, आणि बोटांना धोकाही कमी. लसूण ठेचून दहा मिनिटे तसाच ठेवावा, कारण त्याचा विशिष्ट तिखट गंध देणारे अ‍ॅलिसिन ठेचल्यानंतर तयार होते आणि लगेच उष्णता लागली तर ते बनण्याचे थांबते. पालकाचे जाड देठ वेगळे करून बारीक चिरावेत. ते फेकण्याचे कारण नाही, त्यांना पानांपेक्षा दोन मिनिटे अधिक लागतात इतकेच.

आता भाताकडे वळावे. वीस मिनिटे भिजलेला तांदूळ निथळून, तांदळाच्या मापाच्या पावणेदोन पट पाण्यात, झाकण लावून शिजवावा. जुन्या तांदळाला पाणी थोडे अधिक लागते. उकळी आल्यावर आच अगदी मंद करून दहा-बारा मिनिटांत पाणी आटते. त्यानंतर आच बंद करून, झाकण न उघडता, आणखी दहा मिनिटे तसाच ठेवावा. या विश्रांतीत वरच्या आणि खालच्या दाण्यांतील ओलावा सारखा होतो. ही दहा मिनिटे वाचवण्याच्या घाईत भात खाली चिकट आणि वर कोरडा राहतो.

कांदा-टोमॅटो आणि रस्स्याची पूर्तता

पसरट भांड्यात दोन चमचे तेल मध्यम आचेवर तापवून कांदा आणि चिमूटभर मीठ घालावे. मीठ कांद्यातील पाणी बाहेर काढते, त्यामुळे तो करपण्याऐवजी मऊ होतो. आठ-दहा मिनिटांत तो पारदर्शक होऊन कडांना सोनेरी दिसू लागतो. मगच लसूण घालावा, कारण लसूण मिनिटभरातच वास सोडतो आणि त्यानंतर लगेच करपून कडू होतो. लसणाचा कच्चा वास गेला की चिरलेले टोमॅटो घालून आच थोडी वाढवावी. टोमॅटोचे पाणी आटून तेल कडेला सुटू लागेपर्यंत, म्हणजे साधारण सहा-सात मिनिटे, ते ढवळत राहावे. या जेवणात चव जर कुठे तयार होत असेल तर ती येथे, म्हणून या सहा-सात मिनिटांत दुसरे काही करू नये.

डाळ बोटांमध्ये सहज चेपली जाते आणि बटाट्यात सुरीचे टोक अडत नाही याची खात्री केल्यावर हे मिश्रण डाळीत ओतावे. रस्सा फार घट्ट वाटला तर गरम पाणी घालावे. गार पाण्याने उकळी मोडते. पालकाचे देठ घालून दोन मिनिटे, नंतर पाने घालून आणखी दोन मिनिटे शिजवावे. पालेभाजी घातल्यानंतर झाकण ठेवू नये, कारण शिजताना सुटणारी आम्ले वाफेबरोबर निघून जाणे चांगले. ती भांड्यात कोंडली तर हिरवा रंग मळकट होतो. टोमॅटोच्या आंबटपणामुळे रंगात थोडा फरक पडणारच, म्हणून पाने सर्वांत शेवटी घालून दोन मिनिटे होताच आच बंद करणे हाच उपाय आहे. भांडेभर दिसणारा पालक पाहता पाहता मूठभर होतो, तेव्हा प्रमाण अधिक वाटले म्हणून कमी करू नये. पाल्याचा रंग टिकावा म्हणून लिंबूही रस्स्यात न पिळता ताटात पिळावे.

मीठ आता चाखून ठरवावे. रस्सा नीट असूनही काहीतरी कमी वाटत असेल तर लगेच अधिक मीठ घालण्याआधी एका चमच्यात दोन थेंब लिंबू घालून चाखावे. बऱ्याचदा उणीव मिठाची नसून आंबटपणाची असते.

परतलेली भाजी

ही सर्वांत शेवटी, ताटे मांडली जात असताना करायची. भाजीवर ओलावा असेपर्यंत तिचे तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही आणि खमंग तपकिरी रंग देणाऱ्या रासायनिक क्रियेला त्याहून बरीच अधिक, साधारण १४० अंशांची उष्णता लागते. म्हणून फ्लॉवरचे तुरे कापडाने कोरडे करावेत, त्यांना एका बाजूने सपाट काप द्यावा आणि चांगल्या तापलेल्या तेलात सपाट बाजू खाली करून एकाच थरात मांडावेत. भांड्यात गर्दी केली तर सुटलेली वाफ अडकते आणि भाजी परतली जाण्याऐवजी उकडते. जागा कमी असल्यास दोन वेळा करावे. तीन-चार मिनिटे हलवू नये. खालची बाजू तपकिरी झाली की उलटून, दोन चमचे पाणी शिंपडून, झाकण ठेवून आणखी दोन-तीन मिनिटांत देठ नरम होतो. फ्लॉवर आणि कोबी जास्त वेळ शिजवल्यास त्यांतून गंधकयुक्त उग्र वास सुटतो. ज्यांना या भाज्या आवडत नाहीत त्यांतील अनेकांची तक्रार खरे तर या जादा शिजवण्याविषयी असते.

शेंगा घेतल्या असतील तर पद्धत थोडी वेगळी आहे. त्या मिठाच्या खळखळत्या पाण्यात उघड्या भांड्यात तीन-चार मिनिटे उकळून, निथळून, कोरड्या करून मग दोन मिनिटे मोठ्या आचेवर परताव्यात. मीठ आणि मिरी शेवटी.

काकडी आणि ताट

काकडीचा एक काप आधी चाखून पाहावा. काकडी किंवा भोपळ्याच्या कुळातील कोणतेही फळ अतिशय कडू लागले तर ते टाकून द्यावे; हा कडूपणा कुकुर्बिटासिन या द्रव्यांचा असतो आणि ती पोटाला गंभीर त्रास देऊ शकतात. चांगल्या काकडीच्या फोडींना मीठ आणि लिंबू अगदी वाढताना लावावे, आधी लावल्यास ताटात पाणीच पाणी होते. कोथिंबीर हाताने तोडून रस्स्यावर घालावी.

उरले तर

उरलेला भात आणि रस्सा दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे. भातामध्ये शिजल्यानंतरही टिकून राहणारे बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. भात कोमट अवस्थेत रात्रभर बाहेर राहिला तर ते वाढून विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. मोठे पातेले तसेच फ्रिजमध्ये ठेवले तर आतील भाग तासन्‌तास कोमट राहतो, म्हणून अन्न पसरट, उथळ डब्यात काढावे. भात दुसऱ्या दिवशी संपवावा आणि वाफा येईपर्यंत एकदाच गरम करावा. रस्सा रात्रभरात घट्ट होतो. गरम करताना पाणी घालून सैल करावा आणि मीठ त्यानंतरच पुन्हा चाखावे. परतलेली भाजी मात्र उरू देऊ नये, ती दुसऱ्या दिवशी नरम पडते आणि तिचा खमंगपणा कोणत्याही उपायाने परत येत नाही.